गंगाराम तांबट : पेशवाईच्या उत्तरार्धातील एक चित्रकार आणि त्याची स्थळचित्रे

१. प्रास्ताविक

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रत्येक विद्यार्थी ड्रॉइंग शीटच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट आखायला शिकतो. तिला आपण टायटल ब्लॉक म्हणतो. तिच्यात कामाचे नाव, प्रमाण, तारीख, शीट क्रमांक असतो आणि त्यासोबत तीन नावांची जागा असते: रेखाटन कोणी केले, तपासले कोणी, मंजूर कोणी केले. पुष्कळ विद्यार्थी ही चौकट घाईघाईने, शेवटी भरतात. पण तिच्यामागे एक गंभीर विचार आहे. रेखाटन हा एक दस्तऐवज असतो. त्यात जे दाखवले आहे ते खरे आहे, याची जबाबदारी कोणीतरी नावानिशी घेतलेली असली पाहिजे. आमच्या भिलाईसारख्या पोलाद कारखान्याच्या गावात हे वेगळे सांगावे लागत नाही.

इतिहासातील चित्रांकडे मात्र आपण या नजरेने क्वचितच पाहतो. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील डोंगर, लेणी, किल्ले आणि शहरे यांची शेकडो चित्रे तयार झाली. त्यांपैकी बरीच ‘कंपनी शैली’ या नावाने ओळखली जातात. हे नाव गिऱ्हाइकाचे आहे, चित्र काढणाऱ्याचे नाही. या पाठात आपण अशा एका चित्रकाराचा अभ्यास करणार आहोत ज्याचे नाव सुदैवाने टिकले: पुण्याचा गंगाराम चिंतामण नवगिरे, तांबट. त्याच्या निमित्ताने दोन प्रश्न पाहू. पहिला, तो काय आणि कसे काढत होता? दुसरा, चित्र एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्यावरचे नाव कुठे जाते?

२. पार्श्वभूमी : पुणे, १७८६ ते १७९७

१७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट म्हणून चार्ल्स वॉर मॅलेट पुण्यात आला. मुळा आणि मुठा या नद्यांच्या संगमाजवळ त्याचा मुक्काम होता. गादीवर सवाई माधवराव पेशवे होते. त्यांचा जन्म १७७४ चा, म्हणजे मॅलेट आला तेव्हा ते सुमारे बारा वर्षांचे होते. कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता. १७९० मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध मराठे, निजाम आणि कंपनी यांचा तह झाला आणि मॅलेटचे दरबारातील वजन वाढले.

मॅलेट मुत्सद्दी होता. दरबारातील बातम्या कलकत्त्याला आणि मुंबईला पाठवणे हे त्याचे काम होते. पण त्याला प्राचीन लेण्यांची आणि चित्रांची मनापासून आवडही होती. या दोन गोष्टी त्या काळात फारशा वेगळ्या नव्हत्या. प्रदेश जाणून घेणे, मोजणे, काढून ठेवणे हा कंपनीच्या कामाचाच भाग होता. याच काळात, १७९५ मध्ये, कॅप्टन ब्लंट नावाचा अधिकारी चुनारहून निघून रतनपूर, रायपूर या बाजूने, म्हणजे आजच्या छत्तीसगडमधून, दक्षिणेकडे वाटा शोधत गेला. तेव्हा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. त्याचे प्रवासवर्णन पुढे ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडात छापले गेले. त्याच मालिकेच्या सहाव्या खंडात मॅलेटचा वेरूळवरील लेख आहे. वेरूळचे रेखाटन आणि छत्तीसगडच्या वाटांची पाहणी या एकाच मोठ्या उद्योगाच्या दोन बाजू होत्या.

१७९१ मध्ये जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला आणि पुढे मॅलेटच्या आश्रयाने पुण्याला आला. त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांची तैलचित्रे काढली. पेशव्यांच्या आणि नानांच्या ज्या प्रतिमा आज आपण पाठ्यपुस्तकांत पाहतो, त्यांचा उगम बऱ्याच अंशी वेल्सच्या कामात आहे. रॉबर्ट मेबन नावाचा युरोपीय मदतनीस आणि गंगाराम तांबट हे दोघे त्याच्याबरोबर काम करत होते. याच सुमारास शनिवारवाड्यात पेशव्यांच्या आश्रयाने चित्रकलेची एक शाळाही निघाली. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चे. शनिवारवाड्यातील हा प्रयत्न त्याच्या साठाहून अधिक वर्षे आधीचा आहे, हे लक्षात ठेवावे.

एक गोष्ट येथे महत्त्वाची आहे. पेशव्यांच्या पुण्यातील शिकारखान्यातील गेंड्याचे गंगारामने काढलेले चित्र नोव्हेंबर १७९० चे आहे. वेल्स भारतात आला तो त्यानंतरच्या वर्षी. म्हणजे गंगाराम हा वेल्सने घडवलेला चित्रकार नव्हे. वेल्सच्या आधीच तो प्रत्यक्ष पाहून चित्र काढत होता. वेल्सच्या सहवासात त्याच्या कामात काही नवे आले असेल, पण डोळा आणि हात त्याचे स्वतःचे होते. तारखा नीट लावल्या की प्रचलित समज कसा बदलतो, याचे हे सोपे उदाहरण आहे.

३. तांबटाचा डोळा

तांबट म्हणजे तांब्या-पितळेची भांडी घडवणारा कारागीर समाज. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी आजही याच नावाने ओळखली जाते. तांब्याचा सपाट पत्रा घ्यायचा, तो तापवून, ठोकून, वळवून त्याचा हंडा किंवा बंब करायचा आणि शेवटी हातोडीच्या ठोक्यांनी पृष्ठभागावर मठारकाम करायचे, असा हा व्यवसाय.

इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये पृष्ठविकसन नावाचे एक प्रकरण असते. शंकू, दंडगोल किंवा त्यांचे मिश्र आकार उलगडले तर सपाट पत्र्यावर कसे दिसतील, हे त्यात काढावे लागते. विद्यार्थ्यांना ते अवघड जाते, कारण सपाट आणि घन यांची सांगड डोळ्यांसमोर उभी राहत नाही. तांबटाच्या घरात मुलाला ही सांगड लहानपणापासून दिसते. गंगारामच्या चित्रकलेचे सगळे श्रेय त्याच्या समाजाच्या व्यवसायाला देणे बरोबर होणार नाही. तसे केले तर त्याचे स्वतःचे कष्ट आपण पुसून टाकू. पण कारागीर समाजातून आलेल्या माणसाला मोजमाप, समतोल आणि आकार यांची जाण असणे स्वाभाविक आहे. वेरूळच्या कामाला नेमकी तीच लागत होती.

४. वेरूळ : जेथे मागे सरकता येत नाही

मॅलेटने गंगारामला वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढण्यासाठी पाठवले. मॅलेट स्वतः १७९४ मध्ये तेथे गेला. वेरूळला आधीही परदेशी प्रवासी आले होते. फ्रेंच विद्वान आंकेतील द्यूपेरों १७५८ मध्ये येऊन गेला आणि १७७१ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने लेण्यांचे वर्णन दिले. पण वर्णन आणि रेखाटन यांत फरक असतो. वर्णन वाचून दोन माणसे दोन वेगळी मंदिरे डोळ्यांसमोर आणू शकतात.

वेरूळला क्रमांक दिलेली ३४ लेणी आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. त्यांतील सोळावे म्हणजे कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात डोंगर वरून खाली कोरत हे मंदिर मोकळे केले गेले. ज्या चौकात ते उभे आहे त्याची लांबी सुमारे ८४ मीटर, रुंदी सुमारे ४७ मीटर आणि मंदिराची उंची सुमारे ३० मीटर आहे.

हे आकडे चित्रकाराच्या दृष्टीने पाहा. मान न हलवता एखादी वस्तू आरामात पूर्ण दिसायची असेल, तर डोळ्याच्या पातळीपासून तिचा माथा साधारण ३० अंशांपेक्षा वर जाऊ नये, असा यथार्थदर्शनाचा एक ठोकताळा आहे. ३० अंशांची स्पर्शज्या ०.५७७. मंदिराची उंची ३० मीटर धरली तर लागणारे अंतर ३० ÷ ०.५७७, म्हणजे जवळपास ५२ मीटर. चौकाची पूर्ण रुंदीच ४७ मीटर, आणि त्यातही मंदिर मध्यभागी. म्हणजे बाजूच्या भिंतीला पाठ टेकवून उभे राहिले तरी पुरेसे अंतर मिळत नाही. समोरून पाहावे तर प्रवेशाचे गोपुर आणि नंदीमंडप आड येतात. साधी इमारत काढताना आपण मागे सरकतो. येथे मागे कडा आहे.

अशा वेळी चित्रकाराकडे तीन मार्ग उरतात. कड्यावर चढून वरून पाहणे, भागाभागाने काढून नंतर जुळवणे, किंवा मोजमापे घेऊन प्लॅन, एलिव्हेशन आणि सेक्शन या पद्धतीने मांडणे. या तिसऱ्या पद्धतीत डोळा एका जागी नसतो. प्रत्येक बिंदू समोरून पाहिल्यासारखा काढला जातो. मॅलेटच्या लेखात प्रत्येक लेण्याची लांबी, रुंदी, उंची फूट आणि इंचांत दिली आहे. म्हणजे तेथे केवळ देखावा टिपणे हा हेतू नव्हता, मोजणे हाही होता.

योगायोग असा की याच वर्षांत पॅरिसमध्ये गास्पार माँज हा गणितज्ञ या पद्धतीला शास्त्राचे रूप देत होता. बोन या फ्रान्समधील लहान गावातल्या फेरीवाल्याचा हा मुलगा. त्याने १७९५ मध्ये वर्णनात्मक भूमितीवर व्याख्याने दिली आणि १७९९ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. आपण आज वर्गात शिकवतो ते फर्स्ट अँगल प्रोजेक्शन त्याच परंपरेतले. माँज आणि गंगाराम यांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. पण घन वस्तू कागदावर विश्वासाने कशी उतरवावी, हा प्रश्न दोघांपुढेही होता. एकाला त्यातून सिद्धान्त हवा होता, दुसऱ्याला समोरच्या डोंगराचे चित्र.

या चित्रांचा आज काय उपयोग? ती लेण्यांची नंतरच्या साफसफाईपूर्वीची अवस्था दाखवतात. अकराव्या लेण्याला लोक ‘दो ताल’ म्हणत, कारण त्याचे दोनच मजले दिसत. खालचा मजला मातीत गाडला होता आणि तो १८७६ मध्ये उघडा झाला. नाव मात्र ‘दो ताल’च राहिले. त्याआधीच्या काळातील प्रामाणिक रेखाटन हे त्यामुळे पुरातत्त्वाचा पुरावा ठरते. चित्रकाराने ‘असायला हवे’ ते काढले असते तर हा पुरावा मिळाला नसता. त्याने ‘दिसते’ ते काढणे म्हणूनच मोलाचे.

५. पर्वतीचे दृश्य : एक परकी मांडणी, एक ओळखीची टेकडी

गंगारामच्या उपलब्ध कामात पुण्याजवळच्या पर्वती टेकडीचे १७९५ चे एक दृश्य आहे. पुढच्या भागात गुरे आणि मागे टेकडी. पर्वतीवरचे देवस्थान नानासाहेब पेशव्यांच्या काळातले. पुण्याच्या माणसाला यापेक्षा जवळची टेकडी नाही.

या मांडणीचा इतिहास थोडा लांबचा आहे. सतराव्या शतकात लोरेन प्रांतातून रोमला गेलेल्या क्लोद लोरें या चित्रकाराने निसर्गदृश्याचा एक साचा रूढ केला: पुढे गुरे, गुराखी किंवा झाडांची सावली, मध्ये पाणी किंवा मैदान, मागे उजळ डोंगर किंवा इमारत. इंग्लंडमध्ये विल्यम गिल्पिन याने १७८२ आणि १७९२ च्या आपल्या पुस्तकांतून अशा दृश्यांचे नियम सांगितले. भारतात आलेले इंग्रज चित्रकार हे नियम बरोबर घेऊन आले. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे तर कॅमेरा ऑब्स्क्युराच्या मदतीने दृश्ये टिपत. ते १७९३ मध्ये मुंबईला आले, तेव्हा वेल्सशी त्यांची गाठ पडली आणि त्यांनी परिसरातील लेणी पाहिली.

आपल्याकडच्या वाड्यांतील भित्तिचित्रांत आणि पोथ्यांतील चित्रांत जागेची मांडणी वेगळी असे. महत्त्वाची व्यक्ती मोठी, बाकीच्या लहान. एकाच चित्रात घराचा दर्शनी भाग आणि आतले दालन. क्षितिजरेषा एकच असावी असा आग्रह नाही. ही पद्धत अडाणीपणाची नव्हती. तिचा प्रश्नच निराळा होता. चित्रातून कथा सांगायची असेल तर पाहणाऱ्याला एका जागी खिळवून ठेवण्याची गरज नसते. यथार्थदर्शनात मात्र पाहणारा एका ठिकाणी, एका क्षणी उभा असतो आणि खोलीत जाणाऱ्या समांतर रेषा लोपबिंदूकडे धावतात.

गंगाराम या दोन पद्धतींच्या मध्ये काम करत होता. त्याने नवी भाषा शिकून घेतली, पण जे काढले ते त्याच्या गावचे होते. वेल्ससाठी पर्वती हे एक सुंदर दृश्य असेल. पुणेकरासाठी ते रोज नजरेसमोर असलेले देवस्थान होते. परकी मांडणी वापरली म्हणून चित्र परके होत नाही. मराठीत लिहिलेल्या कादंबरीचा साचाही बाहेरूनच आला, म्हणून ती कादंबरी परकी ठरत नाही.

६. १७९५ : दोन महिन्यांत दोन आधार

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यातील सज्जातून पडले आणि त्या दुखापतीने वारले. ते अवघे एकवीस वर्षांचे होते. नोव्हेंबर १७९५ मध्ये साष्टीतील लेण्यांचे काम करत असताना जेम्स वेल्स आजारी पडून ठाण्याला मरण पावला. १७९७ मध्ये मॅलेटने पुणे सोडले. पुण्यात गादीच्या वारसाचे राजकारण पेटले आणि चित्रशाळेला आधार उरला नाही. पुढे १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि १८२८ मध्ये शनिवारवाड्याचा मोठा भाग आगीत गेला.

संस्था का टिकत नाहीत, हा इतिहासाचा मोठा प्रश्न आहे. येथे उत्तर तुलनेने सरळ आहे. शाळा व्यक्तींवर उभी होती. तिला नियमित अनुदान, ठरलेला अभ्यासक्रम आणि पुढच्या शिक्षकाची तरतूद असल्याचे दिसत नाही. पुण्यात पाश्चात्त्य पद्धतीचे रेखाटन पुन्हा पद्धतशीर शिकवले जाऊ लागले ते १८५४ मध्ये, अभियांत्रिकीच्या वर्गात. सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती म्हणून. मधल्या साठ वर्षांत जे हात तयार झाले असते, ते झाले नाहीत.

७. मुखपृष्ठावरची नावे

वेल्सची रेखाटने मॅलेट इंग्लंडला घेऊन गेला. १७९९ मध्ये त्याने वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी लग्न केले. १८०३ मध्ये लंडनला थॉमस डॅनियलने वेरूळची २४ दृश्ये प्रसिद्ध केली. ती अक्वाटिंट पद्धतीने छापलेली होती. या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवतात, मग आम्लात पत्रा बुडवतात. पुडीच्या कणांमधल्या जागा खाल्ल्या जातात आणि तेथे शाई धरते. जितका वेळ आम्लात, तितकी छटा गडद. म्हणजे वेरूळची ती दृश्ये अखेर तांब्यावरच कोरली गेली, पण कोरणारे हात लंडनचे होते.

त्या पुस्तकाच्या शीर्षकपानावर दोन नावे आहेत. रेखाटने जेम्स वेल्सची, उत्कीर्णन थॉमस डॅनियलचे. मेबन नाही, गंगाराम नाही. आणखी एक गोष्ट पाहा. पुस्तकाच्या नावात लेण्यांना ‘हिंदू उत्खनने’ म्हटले आहे, जरी त्यांत बौद्ध आणि जैन लेणीही आहेत. म्हणजे एकाच पानावर दोन प्रकारची नावे गळाली: काढणाऱ्यांची आणि घडवणाऱ्यांची.

याला कपट म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. त्या काळी युरोपातही मोठ्या चित्रकाराच्या कार्यशाळेतून निघालेल्या कामावर त्याचेच नाव असे, मदतनिसांचे नसे. वेल्स अकाली वारला होता आणि त्याच्या कुटुंबासाठी हे प्रकाशन महत्त्वाचे होते. पण कारण समजले म्हणून परिणाम लहान होत नाही. छापील पुस्तक जगभर गेले. मूळ कागद खासगी संग्रहात राहिले. दीडशेहून अधिक वर्षे वेरूळच्या पहिल्या चित्रांविषयी बोलताना वेल्स आणि डॅनियल ही नावे घेतली गेली.

गंगारामचे नाव टिकले ते तीन गोष्टींमुळे. त्याच्या रेखाटनांवर नोंदी होत्या. मॅलेट आणि वेल्स यांच्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख होता. आणि मराठी इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १९२१ मध्ये जुन्या पुण्यावरील आपल्या इंग्रजी पुस्तकात या चित्रशाळेची आठवण जागी ठेवली. गंगारामची बरीच चित्रे आज अमेरिकेत, न्यू हेवन येथील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. गेल्या काही दशकांत तेथे आणि इतरत्र त्यांचा अभ्यास त्याच्या नावाने होऊ लागला आहे. ज्या संग्रहाच्या नावातच ‘ब्रिटिश’ आहे, तेथे पुण्याच्या तांबटाला त्याच्या नावाने ओळखावे लागते, ही गोष्ट वर्गात जरूर चर्चेला घ्यावी.

८. समारोप

गंगारामच्या उदाहरणातून तीन निष्कर्ष काढता येतात. एक, यथार्थदर्शन आणि मोजमापी रेखाटन ही कौशल्ये इंग्रजी शिक्षणसंस्थांच्या कितीतरी आधी येथील कारागिरांनी आत्मसात केली होती. दोन, जुने स्थळचित्र हा पुरावा असतो, आणि पुराव्याला सही लागते. तीन, नाव गळण्यासाठी कोणी वाईट असावे लागत नाही. प्रत्येक टप्प्यावर एक नाव कमी लिहिले की पुरते.

आज हेच संगणकावर घडते. कॅडच्या फाइलमध्ये जुना टायटल ब्लॉक तसाच राहतो, किंवा गटातल्या एकाचे नाव येते आणि रात्रभर जागून मोजमापे घेणारा दुसराच असतो. प्रकल्प अहवालात सर्व्हे कोणी केला हे लिहिले जात नाही. शंभर वर्षांनी कोणी तो अहवाल उघडला तर त्याला काय कळेल? रेखाटन कोणी केले, ही ओळ म्हणूनच भरायची असते. ती शिष्टाचाराची बाब नाही. पुढच्या माणसाला खरे कळावे म्हणून केलेली ती नोंद आहे.

विचारासाठी प्रश्न

१. १७९० च्या गेंड्याच्या चित्राची तारीख गंगारामविषयीच्या कोणत्या समजाला छेद देते? तारखांच्या आधारे स्पष्ट करा.

२. आपल्या गावातील एखादे मंदिर, पाण्याची टाकी किंवा मशीद निवडा. ती पूर्ण दिसण्यासाठी किती अंतरावर उभे राहावे लागेल ते ३० अंशांच्या ठोकताळ्याने काढा, आणि प्रत्यक्षात तेवढी जागा आहे का ते तपासा.

३. ‘कंपनी शैली’ या नावाऐवजी कोणते नाव अधिक न्याय्य ठरेल? आपले मत कारणांसह मांडा.

४. एखाद्या जुन्या छापील चित्रावरील सर्व नावे लिहून काढा. त्या चित्राच्या निर्मितीतील कोणत्या कामांची नावे तेथे नाहीत?